प्रयोगशाळेतल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं परवा कळलं. कॉलेजात तुमचं पद 'प्रयोगशाळा परिचर' होतं, पण मला भूगर्भशास्त्राची गोडी लावली ती तुम्ही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

मी विदर्भातल्या पूर्णा नदीकाठची, खारपाणपट्ट्यातली. आमच्या वावरात कितीही खणा, गाळच लागतो. चुनखडीच्या खड्यांपलीकडं दगड असा मी फारसा हाताळलाच नव्हता. पहिल्या प्रात्यक्षिकाला ट्रेमधला पांढरा नमुना पाहिला आणि जर्नलमध्ये 'कॅल्साइट' लिहून मोकळी झाले. तुम्ही चूक सांगितली नाही. "काहून भेतं वं पोरी, हातात तर घे," म्हणत लोखंडी खिळा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली पुढं सरकवली. कॅल्साइटवर खिळ्यानं ओरखडा उठतो, आम्लानं ते फसफसतं; इथं ओरखडा उठेना, बुडबुडा येईना. क्वार्ट्झ होतं ते. दुसऱ्या दिवशी वावरातला चुनखडीचा खडा नेला, तर थेंब पडताच फसफसला. मी तो थेंब दहादा टाकून पाहिला, तुम्ही एकदाही हटकलं नाही.

मग तुम्ही घरच्या विहिरीचं पाणी मागवलंत. सिल्व्हर नायट्रेट महागाचं, तरी दोन थेंब त्यात सोडू दिलेत. पाणी दुधासारखं झालं. इतकं मीठ! बोटावर सांडलेल्या थेंबाचा काळा डाग पुढं कितीतरी दिवस गेला नाही, आणि मी तो मैत्रिणींना कौतुकानं दाखवत फिरले.

पण खरी गोष्ट त्या दोन बरण्यांची. आमच्या चोपण, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या, वावरातली माती दोन्हीत सारखी, वर पावसाचं पाणी. एकीत तुम्ही चिमूटभर जिप्सम टाकलंत, दोन्ही हलवून खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बिनजिप्समच्या बरणीत चहासारखं गढूळ पाणी तसंच, जिप्समच्या बरणीतून खिडकीचे गज दिसत होते. सोडियममुळं चिकणमातीचे कण सुटे होतात, वावरातली छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग कण एकमेकांना धरून खाली बसतात. हे समजावताना तुमची पाचची एस.टी. चुकली होती, काका. माझ्या लक्षात आहे.

त्या बरण्या मी मांडीवर धरून घरी नेल्या. बाबा, ज्यांनी आयुष्यभर "आपलं नशीबच खारं" म्हटलं, ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग एवढंच विचारलं, "हे जिप्सम कुठं भेटते?"

आता मी शाळेत शिकवते. मुलं घरून माती आणतात, बरण्या खिडकीत असतात, मी उत्तर आधी सांगत नाही.

दिवाळीला येतेय. मेळघाटच्या वाटेवर दोन दगड उचललेत, एकाच्या पोकळीत पांढरे स्फटिक आहेत. खिळा लावून पाहिला, आम्ल अजून टाकलेलं नाही. ते तुमच्यासमोर टाकू.

तुमची,
मागच्या टेबलावरची पोरगी