विरोधाचं कारण इतिवृत्तात यायलाच हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीतला, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अठराव्या शतकातल्या विधिमंडळावरचा लेख वाचला. कालच लिहायला बसले होते, पण म्हटलं राग जरा शांत होऊ दे, तो काही झाला नाही. दोन आमदारांना जमावाने ओढत सभागृहात आणलं तो किस्सा लेखकाने अर्धं पान रंगवलाय आणि रोजच्या कामकाजाला मात्र एक ओळ, ती पण काय तर अर्ज वाचण्यात आणि कारणं लिहीत बसण्यात यांचा वेळ वाया जायचा. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितेय.

मी जिल्हा परिषदेत सभा शाखेत एकोणतीस वर्षं काढली. विषयपत्रिका काढायची, कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी मोजायची, सूचक कोण अनुमोदक कोण ते टिपायचं, रात्री घरी येऊन कच्चं इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, पक्कं करायचं, हेच काम. त्यामुळे मुलाकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा त्यांच्या त्या जुन्या सभागृहाची छापलेली कार्यवृत्तं हाताला लागली आणि मी सहा महिने तीच वाचत बसले, सुनेने आणून दिलेली पर्यटनाची पुस्तकं तशीच राहिली.

काय असतं त्यात? तर रोजचं तेच. कुणाचा अर्ज आला, वाचला, पटलावर ठेवला, समितीकडे दिला. विधेयकाचं पहिलं वाचन, दुसरं वाचन, अमुक कलमावर तहकूब. नवराबायकोचा घटस्फोट पण सभागृहाने कायदा करून द्यायचा, 1785 मध्ये ते काम कोर्टाकडे गेलं तोपर्यंत. त्याच वर्षी बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेची सनद, म्हणजे बँक चालवायची परवानगी, काढून घ्या म्हणून लोकांचे अर्ज आले आणि सभागृहाने ती सप्टेंबरात खरंच काढून घेतली, पुढे 1787 ला परत दिली. हे सगळं लेखकाला कंटाळवाणं वाटलं. मला नाही वाटलं, कारण अर्ज वाचला गेला अशी नोंद होणं म्हणजे काय हे ज्याचा अर्ज असतो त्याला विचारावं.

आणि 1776 च्या त्यांच्या राज्यघटनेत काय लिहिलंय ते लेखात कुठेच नाही! तिथे एकच सभागृह होतं, वरचं नाहीच, नकाराधिकार वापरणारा गव्हर्नर पण नाही, मग घाईगर्दीला आवर कोण घालणार? तर कागद. सार्वजनिक विधेयक शेवटच्या वाचनाआधी लोकांसाठी छापायचं, अगदीच अचानक गरज पडली नाही तर पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबायचं, कायदा कशासाठी करतोय ती कारणं त्याच्या सुरुवातीलाच लिहायची. सभागृहाचं दार नीट वागणाऱ्या कुणालाही उघडं. अधिवेशन चालू असेल तर दर आठवड्याला कार्यवृत्त छापायचं, दर आठवड्याला! आणि नुसत्या दोन सदस्यांनी मागणी केली की कोण बाजूने कोण विरोधात ते नावानिशी लिहायचं, आणि मग प्रत्येक सदस्याला हक्क, की मी असं मत का दिलं ते माझं कारण इतिवृत्तात घाला. हक्क होता तो, अध्यक्षांची मेहेरबानी नव्हे.

याने काय फरक पडला ते बघा. 1 मार्च 1780 ला गुलामगिरी हळूहळू बंद करण्याचा कायदा तिथे झाला, 34 विरुद्ध 21. कायदा तसा अर्धवटच, कारण आधीपासून जे गुलाम होते ते गुलामच राहिले आणि पुढे जन्माला येणाऱ्या त्यांच्या पोरांनाही अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत राबायचं होतं. पण विधेयक आदल्या वर्षी पेपरात छापलं होतं, लोकांनी वाचलं होतं, आणि विरोध करणाऱ्यांनी आपली कारणं लिहून दिली, इंग्रजांशी युद्ध चालू आहे ही वेळ नव्हे वगैरे. ती कारणं वाचून आज संताप येतो, पण येऊ दे की, नोंद आहे म्हणून तर येतो. त्या वेळी सभागृहाचा क्लार्क होता थॉमस पेन, 'कॉमन सेन्स' लिहिणारा. एवढा मोठा लेखक आणि बसून नोंदी ठेवत होता, हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की विचारू नका, कारण आमच्या खात्यात सभा शाखा म्हणजे कमी महत्त्वाचं टेबल असंच सगळे धरून चालायचे.

आता माझं सांगते. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मागच्या वर्षी पुनर्विकासाचा विषय आला, विषय क्र. 6. मी उभी राहिले आणि म्हटलं की बँक गॅरंटी किती ते ठरल्याशिवाय आणि भाडं थकलं तर काय हे करारात आल्याशिवाय माझा विरोध आहे. तोंडी सांगून पुरत नाही हे मला माहीत, म्हणून घरूनच लिहून नेलं होतं, दोन प्रती, एकीवर पोच घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी पण हात वर केला, त्यांना ऐकायला कमी यायचं म्हणून मी त्यांना दोनदा विचारून खात्री केली, ते म्हणाले हो हो, माझा पण विरोध लिहा. सभेला एवढी माणसं होती, सगळ्यांनी बघितलं. महिन्याने इतिवृत्त आलं, त्यात काय? "सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर." सर्वानुमते! मी तीन पत्रं दिली, एकाचंही उत्तर नाही. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय आला तेव्हा परत उभी राहिले, तर सेक्रेटरी म्हणाले, काकू, ठराव तर झालाच ना बहुमताने, मग एका वाक्यासाठी कशाला ताणताय. अहो, ठराव बहुमताने झाला हे मलाही मान्य आहे, तो रद्द करा असं मी कधी म्हटलंच नाही, माझं म्हणणं एवढंच की बहुमताने झाला तर बहुमताने लिहा. आजोबा दिवाळीआधी गेले. त्यांनी शेवटच्या सभेत हात वर केला होता आणि तो कागदावर कुठेच नाही. मला हे रात्री आठवतं, खोटं नाही सांगत.

म्हणून तुमच्या लेखकाने "कारणं लिहीत बसणं" असं म्हटलेलं मला सहन झालं नाही.

त्या ओढून आणण्याच्या प्रकरणातही अर्धीच गोष्ट सांगितलीय. 28 सप्टेंबर 1787, अधिवेशन दुसऱ्या दिवशी संपणार, आणि त्या दिवशी ठराव मांडला की सगळ्या अमेरिकन राज्यांच्या नव्या संघराज्याच्या घटनेला मंजुरी द्यायला राज्यात परिषद बोलवा. परिषद बोलवायची हे सकाळी 43 विरुद्ध 19 ने ठरलं, बाकीचा तपशील दुपारवर राहिला, आणि दुपारी ते 19 आलेच नाहीत. एकूण सदस्य 69, कोरम दोनतृतीयांश म्हणजे 46, हजर 44. दुसऱ्या दिवशी जमावाने मॅककॅलमॉन्ट आणि मायली या दोघांना त्यांच्या मुक्कामावरून फरफटत आणून बसवलं आणि 46 भरले. निघून जाऊन कोरम मोडणं मला पटत नाही, मी अशा तहकूब सभा खूप बघितल्यात, लांबून आलेल्या माणसांचा दिवस फुकट जातो. पण माणसाला मारून मुटकून खुर्चीत बसवायचं आणि हजर म्हणून टीप करायची हे त्याहून वाईट. निघून गेलेल्यांपैकी सोळा जणांनी लगेच आपली बाजू छापून लोकांपुढे ठेवली, त्याचा तुमच्या लेखात उल्लेखही नाही.

आणि पुढे डिसेंबरात ती परिषद झाली तिथे 46 विरुद्ध 23 ने घटना मंजूर झाली. विरोधकांनी, रॉबर्ट व्हाइटहिलने वाचून दाखवलेल्या, पंधरा दुरुस्त्या दिल्या होत्या, धर्माचं स्वातंत्र्य, ज्युरीचा खटला, छापण्याचं स्वातंत्र्य असल्या. बहुमतवाल्यांनी त्या कार्यवृत्तात घ्यायलाच नकार दिला! विधिमंडळात जो हक्क साध्या सदस्याला होता तो इथे नाही. मग 23 पैकी 21 जणांनी सह्या करून आपली कारणं 18 डिसेंबरला पेपरात छापली. त्यातल्या बऱ्याच गोष्टी 1791 मध्ये देशाच्या घटनेत आल्याच की. हा भाग वाचताना मी माझ्या त्या पोच घेतलेल्या प्रतीवर हात ठेवून बसले होते.

जाता जाता अजून एक. लेखासोबत जे चित्र छापलंय, उंचावर वॉशिंग्टन उभा आहे ते, ते या विधिमंडळाचं नाहीच, ते संघराज्याची घटना लिहिणाऱ्या 1787 च्या अधिवेशनाचं आहे, जे बंद दाराआड झालं होतं. इमारत तीच म्हणून कुठलंही चित्र लावून चालत नाही, आणि उघड्या दाराच्या सभागृहावरच्या लेखाला बंद दाराआडचं चित्र हे तर फारच लागलं. खुलासा छापावा.

मार्चमध्ये माझं पाणीकपातीवरचं पत्र छापलंत, तेव्हा शेवटचे दोन परिच्छेद काढले होते, मूळ तक्रार त्यातच होती. जागेची अडचण मी समजू शकते. हे पत्रही लांबलंय, कापावं लागेल तर पेनसिल्व्हेनियातलं काही कापा, चालेल मला. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी हात वर केला होता हे वाक्य राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)