मनगटाचा पट्टा

चिनू,

काल तू "आई झालं का तुझं" म्हणून फोन ठेवलास, म्हणून आता लिहूनच पाठवतेय, म्हणजे मधे तोडता येणार नाही. आणि हाताबद्दल काही लिहिणार नाहीये. क्विल्ट्सबद्दल लिहायला बसलेय.

पुण्यात येऊन तीन आठवडे झाले तरी ह्यूस्टनचं ते प्रदर्शन डोळ्यासमोरून हलत नाही. ऐन दिवाळीत तू मला तिथे घेऊन गेलास, मला खरं तर वाटलं होतं की गोधड्या बघायला सणाचा दिवस कशाला घालवायचा, तुझ्याकडे बसून चकल्या तळल्या असत्या. पण त्या कन्व्हेन्शन सेंटरच्या हॉलमधे शिरले आणि गप्पच झाले. क्विल्टवरची ती म्हातारी आठवते ना? जवळून बघितलं तर नुसत्या जांभळ्या हिरव्या चिंध्या आणि त्यावर दोऱ्यांचा गुंता, आणि दहा पावलं मागे आलं की ती आपल्याकडे बघतेय, डोळ्यात पाणी आल्यासारखी. मी नकळत हात पुढे केला तर पांढरे हातमोजे घातलेली बाई आली, वाटलं आता ओरडणार, तर तिने हसून कोपरा उचलून मला मागची बाजू दाखवली. मागचे टाके पुढच्याइतकेच स्वच्छ! आजी हेच करायची, कोणाचीही गोधडी आधी उलटी करून बघायची आणि मगच तोंड उघडायची.

तिथेच तुला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. डाव्या हाताने उघडलंस आणि मला दिसू नये म्हणून पाठ फिरवलीस. मी तुझ्या मित्रांसमोर बोलले ते चुकलं, तिशीतल्या मुलाला असं चारचौघात बोलत नाहीत. माफ कर. पण चिनू, मी हे आधी पाहिलंय रे. आजी रात्री उठून हात झटकत बसायची, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, अगदी तुझ्यासारखंच. आम्ही वाताचं म्हणून तेल लावत राहिलो. पुढे अंगठ्याखालचा मांसल भाग बसला, ब्लाउजचं हूक लावता येईना, चहाचा कप हातातून पडायचा. नारायण पेठेतल्या वाड्यात अर्ध्या घरांमधे तिची गोधडी होती आणि तिला शेवटी सुईत दोरा ओवायला माझी गरज लागायची. डॉक्टरांनी पट्टा दिलाय तो रात्री बांधून झोपायचा, उशीखाली ठेवायला नाही दिलेला.

बघ, परत तेच. सोडते.

तू गाडीत ज्या हॅरिएट पॉवर्सबद्दल सांगितलंस तिच्याबद्दल मी इकडे आल्यावर शोधून वाचलं. गुलामीत जन्मलेली बाई, तिने बायबलमधल्या गोष्टी कापडावर शिवल्या आणि 1891 मधे पैशांची अडचण होती म्हणून ती क्विल्ट पाच डॉलरला विकली, मागितले होते दहा. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममधे आहे. आजीने पण एकदा लुगड्याची गोधडी अडचणीत विकली होती, कोणाला ते आता कोणालाच माहीत नाही. कुठे असेल, का फाटून पायपुसणं झालं असेल, काल रात्री हेच डोक्यात फिरत होतं.

आणि ते अलाबामातलं गीज बेंड गाव. तिथल्या बायकांच्या क्विल्ट्सचं मोठं प्रदर्शन 2002 मधे तुमच्या ह्यूस्टनच्याच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने भरवलं होतं ना. त्यातली मिसूरी पेटवे, नवरा गेल्यावर 1942 मधे तिने त्याचे शेतावरचे कामाचे कपडे फाडून क्विल्ट शिवली, त्याची आठवण राहावी आणि पांघरता यावी म्हणून. तू हे सांगत होतास तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. तुला वाटलं असेल मी ऐकत नाहीये.

बाबांचे शर्ट मी तुला दिले ते बोहारणीला द्यायचे नव्हते म्हणून, तेव्हा बाकी काही डोक्यात नव्हतं. तू त्यांची क्विल्ट हातानेच शिवणार, मशीन नको, ऑफिसमधे दिवसभर माऊस आणि रात्री एक एक वाजेपर्यंत धावदोरा, हे मला माहीत असतं तर दिले नसते. नाही, दिले असतेच. पण काहीतरी अट घातली असती.

परवा काळे काकू जिन्यात म्हणाल्या, मुलगा शिवणकाम करतो का तिकडे? मी त्यांना वर बोलावून तुझ्या क्विल्टचे सगळे फोटो दाखवले, तो खिशांचा चौकोन तर मोठा करून दाखवला, बाबांच्या पेनाच्या शाईचा डाग तू तसाच ठेवलास तो. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांच्या मिस्टरांचा स्वेटर आहे म्हणाल्या, त्याचं काही करता येतं का विचार.

तुझे टाके आजीपेक्षा बारीक आहेत. हे मी तिथे असताना बोलायला हवं होतं, पण सगळा वेळ तुझ्या हाताकडे बघत बसले.

आता एक सांगायचंय. सगळे शर्ट मी तुला दिले नाहीत. निळ्या चौकडीचा माझ्या कपाटात आहे, तुला म्हटलं होतं सापडत नाहीये. बॉर्डरला कापड कमी पडतंय म्हणालास ना? ते पुरेल. पण तू नाही शिवायचं. क्विल्ट माझ्याकडे पाठव, बॉर्डर मी करते, रविवार पेठेतून दोरा आणते, आजीचं अंगुस्तान अजून आहे डब्यात. माझे टाके तुझ्यासारखे सारखे येणार नाहीत, ओळखू येईल कुठून माझं सुरू झालं ते. चालेल का तेवढं कळव.

कुरियरचे पैसे मी भरते. आणि पट्ट्याचा फोटो पाठव, बांधलेला.

आई