पर्यवेक्षक नसलेली परीक्षा

अक्रा, घाना

प्रिय संध्या,

सप्रेम नमस्कार.

अशेसी विद्यापीठ पाहून आले आणि कधी एकदा तुला सांगते असं झालंय. फोनवर हे सगळं सांगून व्हायचं नाही, म्हणून निवांत लिहायला बसले.

अक्रा शहर मागे पडलं की रस्ता चढणीला लागतो. बेरेकुसो गावाजवळच्या टेकडीवर हे खासगी विद्यापीठ आहे. लाल माती, तिच्याशी मिळत्याजुळत्या रंगाच्या इमारती, मधे मोकळे चौक, भरपूर वारा. परिसर देखणा आहेच, पण त्याचं वर्णन पुढच्या पत्रात. आज फक्त परीक्षेबद्दल लिहिते, कारण तू इतकी वर्षं केंद्रसंचालक म्हणून जे सोसलं आहेस ते मी जवळून पाहिलंय.

संध्या, इथे परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक नसतो. मुलं पेपर लिहितात आणि त्यांच्यावर कुणाचाही पहारा नसतो. बैठं पथक नाही, भरारी पथक नाही. २००८ पासून हे चालू आहे. याला ते ऑनर कोड म्हणतात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही गोष्ट, की हा नियम वरून लादलेला नाही. नव्या तुकडीने आधी त्यावर चर्चा करायची, मग मतदान करायचं आणि हवा असेल तरच तो स्वीकारायचा. आधीच्या मुलांनी स्वीकारला म्हणून आपोआप लागू होत नाही. आणि स्वीकारला की जबाबदारी दुहेरी: स्वतः कॉपी करायची नाही, आणि दुसरा करताना दिसला तर गप्प बसायचं नाही. हा दुसरा भाग किती अवघड आहे ते तुला सांगायला नको. आपल्याकडे मित्राचं नाव सांगणाऱ्या मुलाला वर्गात तोंड दाखवायची सोय राहत नाही. तिथल्या एका विद्यार्थिनीला मी हेच विचारलं. तिच्या बोलण्यातून कळलं, की खरा वाद नेहमी याच कलमावर होतो, आणि तो तसा व्हावा अशीच अपेक्षा असते. निमूटपणे सही केलेल्या शपथेला काय अर्थ?

हे सहज जमून आलेलं नाही बरं. देशाच्या मान्यता मंडळानेच मधे यावर आक्षेप घेतला होता. पर्यवेक्षक नाही म्हणजे परीक्षा नाही, ही समजूत तिथेही आपल्याइतकीच घट्ट. तरीही विद्यापीठाने ही पद्धत सोडली नाही.

संस्थापक पॅट्रिक अवुआ घानाचेच. १९८५ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले, पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनीअर झाले. स्वतःला मुलं झाल्यावर आपल्या खंडाचं पुढे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. नोकरी सोडून त्यांनी २००२ मध्ये अक्रात एका भाड्याच्या घरात ३० विद्यार्थ्यांवर सुरुवात केली. टेकडीवरची ही जागा २०११ पासूनची. त्यांचं निदान असं, की देशाचं अडतं ते पुढारपणापाशी, आणि सचोटीने वागणारी, स्वतःच्या डोक्याने विचार करणारी माणसं घडवणं हे विद्यापीठाचंच काम आहे.

म्हणून ऑनर कोड तिथे एकटा उभा नाही. कॉम्प्युटर सायन्स घ्या, व्यवसाय प्रशासन घ्या किंवा २०१५ मध्ये सुरू झालेलं इंजिनीअरिंग. लेखन, आफ्रिकेचा अभ्यास आणि नेतृत्वाची चर्चासत्रं कुणालाच चुकत नाहीत. चांगला नेता कोण, न्याय्य समाज कसा असतो, यावर इंजिनीअर होणाऱ्या मुलानेही वाद घालायचा. समाजसेवाही अभ्यासाचाच भाग. पहिल्या वर्षी गटागटाने छोटा व्यवसाय उभा करायचा, तोही खराखुरा. चार वर्षं रोज असे निर्णय घेतलेल्या मुलाला पहारा नसलेल्या वर्गात पेपर लिहिणं फार वेगळं वाटत नसणार.

तू म्हणशील, लहान संस्था आहे, निवडून घेतलेली मुलं आहेत, म्हणून जमतं. खरंय ते. लाखो मुलांच्या बोर्डाच्या परीक्षेला हे जसंच्या तसं लावा असं मी म्हणणार नाही. पण आपण मुलांना यातलं काही कधी विचारलंच नाही, ही गोष्ट मला फार लागली. दरवर्षी कॉपीमुक्तीची शपथ आपण त्यांच्याकडून म्हणवून घेतो. ती घ्यायची की नाही, मोडली तर काय करायचं, हे त्यांच्याशी बोलायला एक तासही राखून ठेवत नाही.

म्हणून माझ्या मनात असं आहे: अकरावीच्या एका तुकडीची एकच घटक चाचणी घ्यायची. आधी मुलांना भरपूर भांडू द्यायचं, मग मतदान. नको म्हणाली तर आपण नेहमीसारखं वर्गात उभं राहायचं. हो म्हणाली तर दोघींनी स्टाफरूममध्ये बसायचं. कोणती तुकडी घ्यावी हे तू ठरव, तुला मुलं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आणि प्राचार्यांशी तूच बोललेलं बरं. मी आल्याबरोबर भेटू, तोवर विचार करून ठेव.

आईंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
वैशाली