जुन्या सदनिकांच्या खिडक्या बदलताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदिरानगर, नाशिक येथील आमची इमारत ३५ वर्षांची झाली असून तिच्या लोखंडी खिडक्या इतक्या गंजल्या आहेत की निम्मी कवाडे आता लागतच नाहीत. गेल्या सर्वसाधारण सभेत, सर्व सदनिकाधारकांनी एकाच ठेकेदाराकडून दोन पल्ल्यांच्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या बसवून घ्याव्यात, असा ठराव मांडण्यात आला. इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु चर्चा रंग आणि दर यांपलीकडे गेली नाही.

कवाडाची खिडकी पूर्ण उघडते, तर दोन पल्ल्यांची सरकती खिडकी फार तर निम्मी. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या खोलीला संध्याकाळच्या वाऱ्याचाच आधार असतो, आणि तोच आपण पैसे मोजून निम्मा करून घेणार आहोत. शिवाय अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या मानाने कित्येक पटींनी लवकर वाहते. अर्थात यूपीव्हीसी घेतानाही मोठ्या पल्ल्यांच्या आत गॅल्व्हनाइज्ड पोलादी पट्टी आहे की नाही, हे कापलेला नमुना हातात घेऊन पाहावे. पश्चिमेच्या भिंतीवर महागड्या दुहेरी काचेपेक्षा खिडकीबाहेर सोडलेला पडदा अधिक उपयोगी पडतो, कारण काचेवर पडणारे ऊन बाहेरच अडवावे लागते आणि मावळतीचे तिरपे ऊन छज्जाखालून आत येते. पावसाळ्यासाठी खालच्या कडप्प्याला बाहेरच्या बाजूने उतार हवा आणि ट्रॅकमधील पाणी जाण्याची भोके मोकळी हवीत. आमच्या शेजारच्या इमारतीत ती भोकेच सिलिकॉनने बुजवून टाकल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

माझी मुलगी प्राग येथे, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभारलेल्या जुन्या इमारतीत राहते. तिकडे अशा इमारतीला ‘पानेलाक’ म्हणतात. जुन्या खिडक्यांच्या फटींतून येणारी हवा नव्या घट्ट खिडक्यांनी बंद झाली आणि तिच्या घराच्या कोपऱ्यांत बुरशी धरली. आता ती कडाक्याच्या थंडीतही रोज ठरवून खिडक्या उघडते.

आपल्याकडे याच घट्टपणाचा धोका बुरशीपुरता राहत नाही. आमच्या इमारतीत अनेकांच्या न्हाणीघरात गॅस गिझर आहे. तेथील काचेच्या झडपा काढून ‘थंडी येते’ म्हणून अखंड काच बसवण्याचा आग्रह काही रहिवाशांनी सभेत धरला. बंदिस्त जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे आत अंघोळ करणाऱ्याला काही कळण्यापूर्वीच तो बेशुद्ध पडू शकतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत दार-खिडकी लावूनच अंघोळ होते, हे येथे लक्षात घ्यावे.

ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला आहे. सोसायट्यांनी चौकटीचा रंग आणि बाहेरून दिसणारी विभागणी तेवढी ठरवून द्यावी, पल्ला सरकता की कवाडाचा हे प्रत्येक खोलीच्या दिशेनुसार सदनिकाधारकावर सोपवावे, आणि न्हाणीघराच्या झडपा मात्र कोणालाही बंद करू देऊ नयेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक सदनिकाधारक, इंदिरानगर, नाशिक