टेनिसमध्ये फ्लॅट फटके मारणाऱ्या मुलांना त्यांच्या खेळाची रॅकेट मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय स्पर्धा जवळ आल्या की सांगली-मिरजेतील पालक मुलांसाठी टेनिसची नवी रॅकेट घ्यायला बाहेर पडतात आणि मूल कसेही खेळत असो, बहुतेकांच्या हाती एकाच धाटणीची रॅकेट पडते : १०० चौरस इंचांचे डोके, सुमारे ३०० ग्रॅम वजन, जाड व कडक फ्रेम आणि १६ उभ्या, १९ आडव्या तारांची मोकळी वीण. टॉपस्पिनवर, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देऊन, खेळणाऱ्यांसाठी ती उत्तमच आहे. परंतु चेंडू फ्लॅट, म्हणजे जवळपास फिरकी न देता सरळ, मारणाऱ्या मुलांचे तिच्यामुळे नुकसान होते आणि याकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टॉपस्पिनचा चेंडू जाळ्यावरून चांगला उंच जातो आणि फिरकीमुळे झपकन खाली येतो. फ्लॅट चेंडूला ही मदत जवळपास नसते. मध्यभागी ०.९१४ मीटर उंच असलेले जाळे थोडक्यात ओलांडून त्याला बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) आत पडायचे असते, म्हणून तो रॅकेटवरून दर वेळी एकाच, खालच्या कोनात सुटणे महत्त्वाचे ठरते. मोकळ्या विणीत उभ्या तारा चेंडूच्या दाबाने सरकतात आणि झटक्यात जागेवर परततात. त्यातून फिरकी मिळते, पण चेंडूही वरच्या कोनात उसळतो. आमच्या कोर्टवर सरावाला येणारी एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमरेच्या उंचीवरचा चेंडू इतक्या स्वच्छपणे सरळ मारते की पाहत राहावे, आणि तोच चेंडू बेसलाइनच्या वीतभर बाहेर पडतो. मग ‘मनगट फिरव, चेंडू घासून वर काढ’ अशा सूचना सुरू होतात. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, फटका मोडून नवा बसवण्याआधी तिच्या हातातली रॅकेट तपासावी.

अशा खेळाडूला १८ उभ्या, २० आडव्या तारांची दाट वीण, ९५ ते ९८ चौरस इंचांचे डोके आणि तुलनेने पातळ फ्रेम सहसा अधिक मानवते. दाट विणीत तारा कमी हलतात, त्यामुळे चेंडू कुठे जाणार याचा अंदाज बांधता येतो. विल्सनची ब्लेड ९८ दोन्ही विणींत मिळते, तेव्हा फरक स्वतःच्या हाताने पडताळून पाहायचा असेल तर याहून सोपा मार्ग नाही. वजनाबाबत मात्र घाई नको. जड रॅकेट चेंडूच्या धडकेने वळत नाही हे खरे असले, तरी वाढत्या वयाच्या मनगटावर आणि खांद्यावर ३२० ग्रॅम लादणे योग्य नव्हे. हलक्या रॅकेटला शिशाची पट्टी चिकटवून वजन पुढे वाढवता येते. जड रॅकेट हलकी करता येत नाही.

त्याहीआधी गटिंगकडे, म्हणजे रॅकेटच्या तारांकडे, पाहावे. फ्रेमवर छापलेल्या मर्यादेत राहून तारांचा ताण दोन-तीन पाउंडांनी वाढवला, तर चेंडू थोडा खाली सुटू लागतो आणि पुष्कळदा नव्या रॅकेटचा खर्च वाचतो. फिरकीवर फारशी भिस्त नसलेल्या मुलांना कडक पॉलिएस्टर तारा घालण्याचेही कारण नाही. मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक तंतूंच्या) तारांनी कोपर सुखात राहते.

जाहिरातीतील खेळाडूंवरून निवड करणे तर सर्वांत धोक्याचे, कारण व्यावसायिकांच्या रॅकेटी अनेकदा जुन्याच साच्याच्या, वजन बदललेल्या आणि वरून नवा रंग दिलेल्या असतात. फ्लॅट फटक्यांसाठी ख्यात असलेले अमेरिकी टेनिसपटू जिमी कॉनर्स यांनी विल्सनची टी-२००० ही पोलादी रॅकेट, इतरांना ती आवरत नसतानाही, वर्षानुवर्षे सोडली नाही. त्यांच्या फटक्याशी ती जुळत होती, एवढे त्यांना पुरेसे होते.

बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचा जन्म सांगलीचा, आणि त्यांचे पुत्र गौरव यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह टेनिस दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. या गावातील मुलांना रॅकेट न खेळता, नुसती दुकानात हातात धरून विकत घ्यावी लागू नये. येथील क्लबांनी आणि विक्रेत्यांनी मिळून दोन्ही विणींच्या दोन-तीन रॅकेटी चाचणीसाठी ठेवाव्यात, माफक अनामत घेऊन त्या आठवडाभर द्याव्यात, आणि प्रशिक्षकांनी मुलाचा फटका पाहून पालकांना रॅकेटची वीण, वजन व ताण कागदावर लिहून द्यावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
एक टेनिसप्रेमी पालक,
विश्रामबाग, सांगली