स्वयंपाकघरातली लाइट घालवायला लावणाऱ्या मिस्त्रीमामांना

आदरणीय मिस्त्रीमामा,
सा. नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. समोर उभी राहून बोलले असते तर "त्यात काय एवढं, वैनी" म्हणत तुम्ही थापी उचलली असती आणि माझं बोलणं तिथंच राहिलं असतं. आणि चारचौघांत लिहितेय, कारण घर दुरुस्तीला काढणाऱ्या आणखी चार बायकांच्या कानावर हे जावं असं मनापासून वाटतं.

तुम्ही आलात तेव्हा आमच्या स्वयंपाकघराची काय दशा होती ते तुम्ही पाहिलंच आहे. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. उजेडवारा यायचा तो पूर्वेच्या परसातून, नाहीतर पश्चिमेच्या बोळातून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ओटा पाण्याखाली होता. फळ्या फुगल्या, पिठाचे डबे तरंगत माजघरात आले. ते निस्तरून होतंय तोवर २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. त्यानंतर ह्यांनी ठरवलं की स्वयंपाकघर एकदा मुळापासून नीट करून घ्यायचं, आणि एका इंटिरियरवाल्याला काम दिलं.

त्याचं नाव घेत नाही. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय तुमचं मोल कुणाला कळायचं नाही. त्यानं कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं, चित्र सुरेख होतं. फ्रीज आणि उंच कपाट बसवायला त्यानं परसाकडची खिडकी बुजवली. बोळाकडं सरकत्या काचा लावल्या. त्या किती सरकवल्या तरी निम्मी खिडकी कायम बंदच. शेगडी नेमकी त्या खिडकीपुढं, म्हणजे वारा सुटला की ज्योत आडवी. आणि महापूर दोनदा बघितलेल्या घरात जमिनीपासून भुशाच्या बोर्डाच्या ट्रॉल्या! जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते, तिच्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. सगळं बोलणं ह्यांच्याशी, तेही फोनवर. आई काही विचारायला गेल्या की "आजी, आता मॉडर्न किचनमध्ये असंच असतं" एवढं ऐकून परत यायच्या. शेवटचा हप्ता हातात पडला आणि मग फोन उचलणंही बंद झालं. भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून भाजी चिरायची वेळ आली आमच्यावर.

मामा, तुम्ही आलात ते खरं तर गच्चीच्या गळतीसाठी. चहा घ्यायला आत टेकलात, भिंतीकडं बघितलंत आणि म्हणालात, "वैनी, तेवढी लाइट घालवा."

मी लाइट घालवली. मग तुम्ही आईंकडं वळलात. "मावशी, ताटात मूठभर तांदूळ घ्या आणि हितं उभं राहून निवडा बघू." आई बिचकल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या तांदूळ निवडायला पुढच्या दारात जाऊन बसायच्या, आणि ते वयामुळं असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. त्यांनी ताट घेतलं, बोटं फिरवली. खडा बोटाखालून गेला तरी त्यांना कळला नाही. तुम्ही ताट त्यांच्या हातातून अलगद घेतलंत, कपाटाशेजारच्या बुजवलेल्या खिडकीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "मावशी, डोळं चांगलं हाय तुमचं. भिंत आंधळी केलीया ह्यांनी."

आईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते मी विसरणार नाही. आपण आता निरुपयोगी झालो, असं ती बाई मनातल्या मनात धरून बसली होती. शेगडीजवळ जायला कचरायची, सोललेला लसूणसुद्धा मला दाखवून घ्यायची. तुमच्या त्या एका वाक्यानं तिच्या पाठीवरचं ओझं उतरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही "नजर ठीक आहे" असं सांगितलंच होतं. पण तांदळाचं ताट हातात देऊन ते कुणी दाखवलं नव्हतं.

पुढचं काम कसं झालं ते इथं लिहीत बसत नाही, ते घरी येऊन बघावं. दोन-चार गोष्टी मात्र सांगते, कारण त्यात तुमचं डोकं दिसतं. परसाकडची खिडकी उघडताना आधी वरच्या भिंतीला टेकू दिलात, खिडकीच्या डोक्यावर आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, बसवलंत, मगच खालच्या विटांना हात घातलात. आधीच्या लोकांनी नुसती छिन्नी चालवून त्या भिंतीला तडा पाडला होता. आता मोरी त्या खिडकीखाली आहे आणि झडपा बाहेर उघडतात. आत उघडल्या असत्या तर नळावर आपटल्या असत्या, म्हणून चौकट करायच्या आधी तुम्ही नळाची उंची विचारलीत. शेगडी बाजूच्या भिंतीला गेली, वाऱ्याच्या वाटेतून हटली. समोर पश्चिमेला छताजवळ झरोका ठेवलात, तापलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. आणि खाली, जमिनीलगत, जाळीचं एक भोक. ह्यांनी विचारलं तेव्हा म्हणालात, "सिलिंडरचा ग्यास हवेपेक्षा जड. गळला तर वर जात न्हाई, खाली बसतो." लाखभर रुपयांचं चित्र काढणाऱ्याला हे सुचलं नव्हतं.

ओट्याखाली लाकडाचा तुकडा नाही, सगळा कडाप्पा. पाणी आलंच तर धुऊन काढायचं. प्लगसुद्धा ओट्याच्या पुष्कळ वर. आणि कडेचा दोन हात ओटा मुद्दाम ३० इंचांवर ठेवलात, आईंच्या बेतानं. भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, उंच ओट्यावर खांदा भरून येतो. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं तर म्हणालात, "आमच्या जतच्या घरात आईचा ओटा मीच बांधलाय."

मामा, महापुरात आम्ही आठवडाभर शाळेत राहिलो होतो. कुठल्या कुठल्या खेड्यांतून लोक भाकऱ्यांची गठुळी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचे. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. पोरांच्या हातात भाकरी देताना एक बाई "गार झालीया बघ" म्हणून हळहळत होती. आपला जिल्हा अशा माणसांवर उभा आहे. तुमचं काम बघताना मला ती बाई सारखी आठवायची. तुमच्या डोक्यात पैशांचा हिशेब होताच, तो असावाच, कष्टाचे पैसे आहेत. पण समोरच्याला गार भाकरी द्यावी लागतेय याची टोचणी ज्याला लागते, त्याच्या हातचं काम निराळं असतं. ही टोचणी पदवीबरोबर मिळत नाही, आणि तुमच्याकडं ती भरपूर आहे.

आई आता सकाळी सातला परसाच्या खिडकीशी उभ्या असतात. तांदूळ, डाळ, मेथी, सगळं तिथंच निवडतात. मला हात लावू देत नाहीत. परवा माझ्या पोह्यांत केस सापडला तर मलाच बोल लावला, इतकी नजर पक्की झाली आहे.

शेजारच्या काकूंनी तुमचा नंबर नेला आहे. त्यांचीही खिडकी अशीच कपाटामागं गेली आहे. त्या फोन करतील, तेवढा उचला. आणि काम बघायला याल तेव्हा मामींना बरोबर आणा. आईंनी निरोप दिलाय की जेवल्याशिवाय जायचं नाही, भाकरी त्या स्वतः थापणार आहेत.

तुमच्या,
गावभागातल्या वैनी