सही न करणाऱ्या चित्रकार ताईंना

ताई,

प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितोय, तरी तुमचं नाव घालत नाही. आयकॉनवर, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेल्या संताच्या पवित्र चित्रावर, चित्रकार सही करत नाही, ही जुनी रीत तुम्हीच मला सांगितलीत. मग माझ्यासाठी काढलेल्या आयकॉनचे आभार मानताना ती मी कशाला मोडू?

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं माझ्याबद्दल. मी निवृत्त धर्मगुरू. पंचाहत्तरी पूर्ण झाली की धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, प्रमुख धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा द्यावा, असं १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, ५३८ वं कलम सांगतं. मी दिला. तो इतक्या झटपट मंजूर झाला की मला जरा रागच आला. चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा नव्या फादरांच्या हाती दिला आणि त्यानंतर कित्येक दिवस माझा हात आपोआप झग्याच्या खिशाकडे जायचा.

निवृत्त झालो म्हणून धर्मगुरूपण काही सुटत नाही. मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, आहे, प्रहरांची प्रार्थना आहे, कुणी आपली पापं कबूल करायला आलं तर ते पापनिवेदन ऐकणं आहे. सुटते ती गडबड. पहाटे साडेचारला सवयीने जाग येते, पण दार उघडायला जायचं नसतं. प्रार्थना, खोलीतल्या छोट्या वेदीवर मिस्सा, औषधाच्या गोळ्या, व्हरांड्यात दहा फेऱ्या, दुपारी डुलकी, संध्याकाळी जपमाळ. शनिवारची संध्याकाळ सगळ्यांत वाईट. चाळीसहून जास्त वर्षं त्या वेळी रविवारच्या प्रवचनाची धाकधूक असायची. ती अजूनही येते. मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रवचन लिहितो आणि सोमवारी रद्दीत टाकतो. हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे, पण पहिल्याच भेटीत तुम्ही त्या रद्दीतला एक कागद काढून वाचत बसलात.

तुमच्याकडून काढून घेतलेला हा आयकॉन म्हणजे माझ्या जुन्या धर्मग्रामातल्या लोकांची निरोपाची भेट. संत कोणता यावर आपलं थोडं वाजलं. मी म्हणालो, संत योसेफ काढा, तो चांगल्या मरणाचा आश्रयदाता. तुम्ही म्हणालात, "एवढी घाई आहे का, फादर?" आणि फ्रान्समधले संत धर्मगुरू जॉन व्हियानी सुचवलेत.

मी हसलो. ज्या माणसाला निवृत्ती कधी मिळाली नाही, तो निवृत्ताच्या भिंतीवर! १८१८ मध्ये आर्स नावाच्या जेमतेम अडीचशे वस्तीच्या फ्रेंच खेड्यात ते आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. लॅटिन येत नाही म्हणून सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, रखडलेला हा माणूस. दीक्षा मिळाल्यावरही सुरुवातीला पापनिवेदन ऐकायची परवानगी नव्हती. पुढे त्याच माणसापुढे लांबलांबून आलेल्यांच्या रांगा लागल्या आणि ते दिवसाचे बारा-बारा, उन्हाळ्यात सोळा-सोळा तास पापनिवेदन ऐकत बसले. त्यांनाही एकांत हवा होता, हे लोक विसरतात. १८४३ मध्ये ते रातोरात निघून गेले होते आणि १८५३ मध्ये पुन्हा निघाले होते. गावाने परत आणलं. १८५९ च्या ४ ऑगस्टला, ७३ व्या वर्षी, ते गेले. कलम ५३८ त्यांना लागू असतं, तरी राजीनाम्याला दोन वर्षं कमीच पडली असती.

मी तुम्हाला हेही सांगितलं की ते चित्रासाठी कुणापुढे बसायचे नाहीत. काबुशे नावाच्या शिल्पकाराने टोपीत मेणाचा गोळा लपवून, त्यांचं बोलणं ऐकता ऐकता, चोरून चेहरा घडवला. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "मग मीही तुम्हाला चोरूनच बघते." तेव्हा मला वाटलं की थट्टा आहे.

फळी तुम्ही घरीच तयार केली होतीत. लाकडावर कापड, त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे थरावर थर, आणि मग हस्तिदंतासारखं होईपर्यंत घासणं. पुढचं काम माझ्या खोलीत करू का, असं तुम्ही विचारलंत. घरी मुलं, येणंजाणं, पंखा. सोन्याचा वर्ख एवढ्याशा वाऱ्याने उडतो. "तुमच्याकडे कसं शांत असतं," म्हणालात. ताई, त्या शांततेचा मला वैताग आला होता. ती कुणाच्या उपयोगाची असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

वर्ख लावायचा दिवस मी विसरणार नाही. तेजोवलयाच्या जागी तांबड्या चिकणमातीचा थर होता. त्यात सरस असतो, आणि श्वासातल्या उबेने-ओलाव्याने तो क्षणभर चिकट होतो. तुम्हाला त्या दिवशी सर्दी होती. नाक वाहतंय, वर्ख उडेल, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. "फादर, फुंकर नको, फक्त हाऽऽ करा. आरशावर करतात तसं." मी वाकून हा केला आणि तुम्ही झटकन वर्ख टेकवलात. पुन्हा हा, पुन्हा वर्ख. मातीत श्वास फुंकणाऱ्या परमेश्वराबद्दल मी किती वेळा प्रवचन दिलं असेल! त्या दिवशी मात्र माझा सगळा जीव एवढ्यातच होता की खोकला येऊ नये. दुपारपर्यंत पाठ मोडून आली आणि मला कडकडून भूक लागली. कामानंतरची भूक निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

रंगांच्या वेळी मात्र मी तुम्हाला छळलं. अंड्याच्या पिवळ्या बलकात मातीचे रंग कालवून तुम्ही आधी चेहरा हिरवट काळपट करून ठेवलात. मी म्हणालो, संत आजारी दिसतोय. "थांबा," म्हणालात. रोज एकेक उजळ थर चढत गेला, आधीच्याहून लहान, आधीच्याहून पातळ. अंधार खाली ठेवून उजेड वर आणायचा, आणि कुठेही पडछाया नाही, कारण उजेड खिडकीतून येत नाही. मला ते समजायला तीन आठवडे लागले. हसरा चेहरा हवा, हा माझा हट्ट तुम्ही शेवटपर्यंत मानला नाहीत. बरं केलंत.

आणि मग तो कान. व्हियानींचे पांढरे केस मानेपर्यंत. तुम्ही ते बाजूला सारून उजवा कान पूर्ण उघडा ठेवलात. डोकंही किंचित त्याच बाजूला कलतं. फळी भिंतीला टेकवून मी दूर उभा राहिलो तेव्हा ओळखलं. माझा डावा कान गेला आहे, म्हणून कुणी बोलायला लागलं की मी उजवी बाजू पुढे करून असाच वाकडा बसतो. चोरून बघते म्हणालात, ते खरंच होतं! मला त्या बहिरेपणाची लाज वाटायची. पापनिवेदनाला कुणी आलं तर दुसऱ्या फादरांकडे पाठवत होतो. लोकांना आपली पापं ओरडून सांगायला कसं सांगणार?

४ ऑगस्टला मिस्सेत आयकॉनला आशीर्वाद दिला. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो, असं ७८७ च्या निकीया इथल्या चर्चच्या धर्मपरिषदेने म्हटलंय, ते मी आलेल्यांना सांगितलं. वाकड्या मानेचं मात्र कुणाला सांगितलं नाही. पण जुन्या धर्मग्रामातली एक आजी बराच वेळ बघून म्हणाली, "फादर, हा तर तुमच्यासारखाच बसलाय की." मी विषय बदलला.

आता गुरुवारी एक तरुण धर्मगुरू येतात. आयकॉन उजव्या भिंतीवर आहे, त्याखाली त्यांची खुर्ची. हळू बोललं तरी ऐकू येतं. काय बोलतात ते अर्थात माझ्यापाशीच राहणार. शनिवारी प्रवचन लिहितो अजून, पण परवा त्यातले दोन कागद ते मागून घेऊन गेले. वापरले का, ते मी विचारलं नाही.

ताई, याचे आभार कसे मानायचे ते मला नीटसं जमलेलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं फक्त एक संत काढायला.

रंग पक्के व्हायला काही महिने जातील, मग जवसाच्या तेलाचा हात द्यायला येईन, असं म्हणाला होतात. या. नाकाच्या शेंड्यावरची ती पांढरी रेघ मला अजूनही थोडी जाड वाटते, त्यावर बोलू. येण्याआधी निरोप द्या, म्हणजे कानातल्या यंत्राची बॅटरी बदलून ठेवतो.

तुमचा,
एक निवृत्त धर्मगुरू